साखरेचा पाक आणि गंधकाचे तेजाब
मॅट्रिक्स ओपलचा रंग खुलविण्याची रीत

वैशाखात अमळनेरला बोरी नदीचे पात्र आटते, सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकाने त्या वाळवंटात मांडली जातात, आणि तेथे लोटणाऱ्या गर्दीत एखादे तरी पोर असे असते, की जे पाळण्यांकडे आणि रेवड्यांकडे पाठ करून वाळूतल्या गारगोट्या निवडीत बसते. कोरड्या असताना त्या गारगोट्या धुरकट, मळकट, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या अशा दिसतात. पण त्या पोराने त्यांतली एखादी उचलून, बोटावर थुंकी घेऊन ओली केली, की तिच्यातल्या तांबूस-करड्या रेघा एकाएकी उजळून निघतात, आणि वाळली की ती पुन्हा पहिल्यासारखी निस्तेज होते. ओल्या दगडाचा रंग कोरड्या दगडात कायमचा कसा राखावा, हा त्या पोराच्या मनातला प्रश्न. आणि मॅट्रिक्स ओपल नावाच्या खड्यावर जो संस्कार करतात तो, खोलात जाऊन पाहिले असता, त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

परदेशातून टपालाने खडे मागविणे सुलभ झाल्यापासून, आणि शुक्रासाठी हिरा परवडत नसेल तर ओपल घाला असा सल्ला ज्योतिषी सर्रास देऊ लागल्यापासून, ओपल हे नाव खानदेशातील सराफ पेठांना अपरिचित राहिलेले नाही. हौशी मनुष्य स्वस्त मिळतो म्हणून कच्चा मॅट्रिक्स ओपल मागवितो, पुडके उघडतो, आणि आत गिलाव्याच्या ढलप्यांसारखे फिकट तुकडे पाहून आपण फसलो असे समजतो. वस्तुतः तो फसलेला नसतो. त्याच्या हाती अर्धाकच्चा जिन्नस आलेला असतो आणि उरलेला पाक त्याने स्वतः साधावयाचा असतो. ते कसे करावे, कोठे थांबावे, आणि करून झाल्यावर विकताना किंवा देताना काय सांगावे, याचा तपशील देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

रंग कोठे दडलेला असतो

ओपल हा खऱ्या अर्थाने स्फटिक नव्हे. सिलिका, म्हणजे वाळूचेच घटकद्रव्य, पाण्यासह गोठून तो झालेला असतो, आणि सामान्यतः त्याच्या वजनापैकी शेकडा ३ ते १० भाग निव्वळ पाणी असते. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने असे दाखवून दिले, की मौल्यवान ओपलात सिलिकेचे सारख्या आकाराचे सूक्ष्म गोल, परातीत लाडू रचावेत तसे, थरावर थर नेटके रचलेले असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर या गोलांचा व्यास त्यांपैकी सुमारे १५० ते ३०० भागांइतका भरतो. हे माप प्रकाशलहरींच्या लांबीशी मिळतेजुळते असल्यामुळे त्या रचनेतून प्रकाशाचे विवर्तन होते, आणि खडा हातात फिरवावा तसा लहान गोलांच्या जागी निळा-जांभळा आणि मोठ्या गोलांच्या जागी तांबडा रंग चमकून जातो. तेथे रंगद्रव्य म्हणून काहीही नसते. रंग हा केवळ रचनेचा गुण आहे, ही गोष्ट वाचकाने पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कृतीचे मर्म तीत आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे ६०० किलोमीटरांवर अंडामूका नावाचे ओसाड गाव आहे. तेथे १९३० साली ओपल सापडला. तेथील एका प्रकारात ओपल स्वतंत्र शिरेच्या रूपाने आढळत नाही, तर सच्छिद्र गाळखडकाच्या कणाकणांमधील पोकळ्यांत झिरपून बसलेला असतो. खडक आणि ओपल यांची फारकत करता येत नाही, म्हणून त्या समग्र दगडालाच मॅट्रिक्स ओपल, म्हणजे मातृखडकासहित ओपल, असे म्हणतात. आता अडचण अशी, की ज्या पोकळ्या ओपलाने पूर्ण भरलेल्या नाहीत त्यांच्या असंख्य कडांवरून प्रकाश वेडावाकडा परावर्तित होतो, आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या उजेडाच्या धुक्यात मूळची रंगक्रीडा बुडून जाते. दगड ओला केला म्हणजे पाणी त्या पोकळ्या भरते, विखुरणे कमी होते आणि रंग वर येतो. यात्रेतल्या त्या पोराने नकळत केलेला प्रयोग तो हाच. पण पाणी उडून जाते. त्याच्या जागी उडून न जाणारे आणि शिवाय विखुरलेला प्रकाश गिळून टाकणारे असे एखादे काळे द्रव्य भरले, तर रंग कायमचा उघडा राहील, ही या संस्काराची सगळी कल्पना. पांढऱ्या आभाळावर इंद्रधनुष्य कधी ठसठशीत दिसत नाही, पाठीमागे काळाभोर ढग लागतो, हे श्रावणात शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. १९१६ सालापासून तत्त्वज्ञान मंदिर नांदविणाऱ्या अमळनेरात हेच वेदान्ताच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे काही नवे उत्पन्न करावयाचे नसून केवळ आवरण दूर करावयाचे आहे, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

ते काळे द्रव्य म्हणजे कार्बन, आणि तो दगडाच्या पोटात पोहोचविण्याचे वाहन म्हणजे साखर. साखरेच्या ३४२ भाग वजनात १४४ भाग कार्बन असून उरलेले १९८ भाग पाण्याचेच घटक असतात. तीव्र गंधकाम्लाला, म्हणजे आपल्याकडील जुन्या बोलीत गंधकाच्या तेजाबाला, पाण्याची एवढी हाव असते, की ते साखरेतून पाण्याचे घटक ओढून घेते आणि मागे कोळसा सोडते. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रातून फुगून वर येणारा काळा स्तंभ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे नवीन नाही. तोच स्तंभ येथे दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत, कोणाला न दिसेल असा, उभारावयाचा असतो.

ही विद्या आजकालची नव्हे

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने अरबस्तानातील काही खडे सात दिवस व सात रात्री मधात अखंड उकळतात अशी नोंद करून ठेवली आहे. मधातली शर्करा दगडात मुरविण्याची युक्ती तेव्हाही ठाऊक होती, असे त्यावरून दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ईडार-ओबरस्टाइन येथील कारागिरांनी साखर आणि गंधकाम्ल यांच्या योगाने अकीक काळा करून त्याचा सुलेमानी खडा बनविण्याचा मोठा धंदाच उभारला. अंडामूकाच्या ओपलावर होणारा संस्कार हा त्याच घराण्यातला.

आणि अकीकाच्या बाबतीत खानदेश हा तर घरचाच धनी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झालेल्या दख्खनच्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचून अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर आणि क्वचित साधा, रंगक्रीडाविरहित ओपलही तयार झाला, आणि तो काळा पाषाण झिजता झिजता हे खडे बोरी, पांझरा, गिरणा यांच्या वाटेने तापीच्या रेतीत उतरले. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्खननात अश्मयुगीन माणसाची सूक्ष्म हत्यारे याच जातीच्या दगडांची निघाली. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्या भरभरून अकीकजातीचा दगड भडोचच्या बंदरास जात असल्याचा दाखला आहे. नर्मदाकाठच्या रतनपूरचे लोक पिवळट अकीक महिनोन् महिने उन्हात वाळवून, मडक्यांत घालून, शेणाच्या मंद आचेवर तांबडा करीत आले, आणि खंबायतच्या कारागिरांनी त्याचे मणी जगभर पाठविले. त्या तांबड्या रंगामागे दगडातल्याच लोहाचे रूपांतर आहे, बाहेरून आणलेले काही नाही. खडा 'पक्का करणे' ही आपल्या प्रदेशाला परकी कल्पना नाही, हे सांगण्यासाठी एवढे विषयांतर केले.

खड्याची पारख

प्रत्येक मॅट्रिक्स ओपल या संस्कारास पात्र नसतो. पहिली कसोटी जिभेची: कोरडा तुकडा जिभेच्या टोकाला लावला असता किंचित चिकटला, तर तो सच्छिद्र समजावा. दुसरी कसोटी थेंबाची: स्वच्छ पृष्ठावर पाण्याचा थेंब ठेवावा, तो पाहता पाहता शोषला गेला तर दगड पाक पिईल, मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर त्या दगडाच्या वाटेस जाऊ नये. तिसरी आणि सर्वांत उपयुक्त कसोटी म्हणजे दगड तासभर पाण्यात बुडवून ठेवून, बाहेर काढून, उन्हात फिरवून पाहणे. ओल्या दगडात जेवढा रंग दिसतो त्यावरून संस्कारानंतरच्या रंगाचा अदमास बांधता येतो. आणि ओल्यातही जेथे रंगाचा कण दिसत नाही, तेथे साखर आणि तेजाब मिळून काळ्या दगडापलीकडे काहीही देणार नाहीत. चौथी कसोटी लिंबाच्या रसाची असून ती कापून उरलेल्या निकामी तुकड्यावर करावी: रस पडताच बुडबुडे आले तर दगडात चुनखडीचा अंश आहे, आणि असा दगड तेजाबात टिकणार नाही.

कोणते ओपल या खटाटोपात मुळीच घालू नयेत, तेही येथेच सांगतो. घन, अच्छिद्र ओपल पाक शोषीत नाही, तापविल्याने मात्र तडकतो. इथिओपियातील वोलो भागाचा ओपल पाणी पितो खरा, पण तो कुरकुरा असल्यामुळे पुष्कळदा मध्येच चिरा जातो. त्याला काळा करण्यासाठी लोक धुराचा उपाय करतात, आणि तो विषय निराळा. होंडुरासचा मॅट्रिक्स काळ्या अग्निजन्य खडकात व क्वीन्सलंडचा बोल्डर ओपल लोहमय खडकात जन्मतो. त्यांची पार्श्वभूमी निसर्गानेच काळी केलेली असल्यामुळे त्यांना आपल्या मदतीची गरज नाही.

पाकाआधीची तयारी

संस्कार हा नेहमी घडविलेल्या खड्यावर करावा, ओबडधोबड तुकड्यावर नव्हे. कारण कार्बन दगडाच्या पृष्ठापासून फार तर एक-दोन मिलिमीटर आत शिरतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. आधी काळा करून मागाहून घासू लागल्यास सारी मेहनत चाकावरच्या चिखलात वाहून जाते. म्हणून खडा कापून, आकार देऊन, ६०० नंबरच्या घासणीपर्यंत गुळगुळीत करून घ्यावा आणि शेवटची झिलई तेवढी राखून ठेवावी. कापताना चाकावर तेल न वापरता पाणी वापरावे, कारण एकदा छिद्रांत तेल शिरले म्हणजे तेथे पाक शिरत नाही आणि खड्यावर पांढरे डाग उमटतात. घडविलेला खडा साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, साध्या पाण्यात अनेकदा खळबळून, मग सावकाश वाळवावा: प्रथम एक दिवस सावलीत, नंतर बंद भट्टीत ५० अंशांपासून आरंभ करून काही तासांत हळूहळू ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन, दिवसभर तेथे ठेवून, भट्टीतच थंड होऊ द्यावा. प्रस्तुत लेखकाने आपला पहिला खडा घाईने गरम भट्टीतून काढून थेट थंड ओट्यावर ठेवला, आणि बारीकसा टिच असा आवाज होऊन त्याचे दोन खडे झाले. या विद्येत जे जे बिघडते ते बहुतेक अशा घाईनेच बिघडते.

पाक

येथे स्वयंपाकघरातील अनुभव कामास येतो. आवळ्याला टोचे मारून, तो पाकात दिवसेंदिवस ठेवून मोरावळा करणाऱ्या गृहिणीला ठाऊक असते, की पाक आरंभीच दाट असला तर आवळा आक्रसतो आणि गोडी आत जात नाही. पाक प्रथम पातळ हवा, व दाटपणा मुरता मुरता यावा. दगडाचा न्याय हाच. दोन वाट्या साखर दोन वाट्या पाण्यात विरघळवून घ्यावी, आणि पाक एकतारीच्या पुष्कळ अलीकडे ठेवावा. वाळलेला खडा किंचित कोमट असतानाच कोमट पाकात सोडावा, म्हणजे आतली हवा आकसताना पाक आपोआप आत ओढला जातो; काही वेळ पृष्ठावर बुडबुड्यांची माळ दिसेल, ती शुभचिन्ह समजावी. मग झाकण ठेवून, पाक उकळू न देता ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, लहान खडा तीन-चार दिवस आणि जाड खडा आठवडाभर ठेवावा. यासाठी विजेचे संथ शिजविणारे भांडे सोयीचे; मात्र ते पुन्हा अन्नाकडे वापरू नये. पाणी उडेल तेवढे गरम पाणी रोज घालीत राहावे, कारण पाक दाटला की साखरेचे खडे जमू लागतात आणि छिद्रांची तोंडे बंद होतात. पाक जळून तपकिरी होऊ लागला तर आच अधिक झाली असे समजावे.

मुदत भरल्यावर खडा काढून, कोमट पाण्यात क्षणभर बुचकळून, कापडाने पुसून घ्यावा. पृष्ठावरची चिकट साखर गेली पाहिजे, आतली मात्र राहिली पाहिजे. त्यानंतर तो पुन्हा ६० ते ७० अंशांवर एक दिवस वाळवावा. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात, आणि दगड तडकण्याचे ते मोठे कारण ठरते. कारण आत उरलेले पाणी आणि बाहेरचे तेजाब एकत्र आले म्हणजे उत्पन्न होणारी उष्णता दगडाच्या पोटात उत्पन्न होते.

तेजाब

येथून पुढचा भाग वाचकाने वाचावा, समजून घ्यावा, परंतु घराच्या ओट्यावर किंवा गच्चीवर मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. तीव्र गंधकाम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड, तेलासारखे संथ आणि दिसावयास निरुपद्रवी असते; पण गरम असताना त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाते, आणि संस्कार चालू असता त्यातून गुदमरविणारा वायू निघतो. २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते किरकोळ विकत घेताना सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते, प्रयोजन सांगावे लागते, दुकानदाराला त्याची नोंदवहीत नोंद करावी लागते, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. म्हणून हे काम ज्या प्रयोगशाळेत वायू बाहेर खेचणारे धुराडे आहे तेथे, रसायनशास्त्राच्या जाणकाराच्या देखरेखीखाली, चेहऱ्यावर ढाल, हातांत आम्लरोधक मोजे आणि अंगावर रबरी वस्त्र चढवूनच करावयाचे आहे. ते ज्यांना साधणार नाही त्यांनी पाकापर्यंतचे काम स्वतः करून पुढचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. यात कमीपणा नाही.

कृती स्वतः साधी आहे. उष्णतारोधक काचेच्या पात्रात साधारण तपमानावरचे शेकडा ९५ ते ९८ तीव्रतेचे आम्ल घेतात आणि पूर्ण वाळलेला, थंड खडा त्यात अलगद ठेवतात. आम्ल खड्याच्या वर बोटभर असावे. पात्र सैल झाकून, एक-दोन दिवस साध्या तपमानावर राहू देऊन, मग काही तासांच्या अवधीत हळूहळू १०० अंशांच्या आसपास नेतात, तेथे काही तास ठेवतात आणि मग उष्णता बंद करून, पात्रास हात न लावता, संपूर्ण थंड होऊ देतात. खडा आधी तपकिरी, नंतर चॉकलेटी आणि शेवटी काजळासारखा काळा होत जातो, आणि त्या काळेपणातून हिरवे, तांबडे, निळे ठिपके एकेक करून वर येऊ लागतात. काचेबाहेरून हे पाहात राहण्याइतका आनंद या सर्व खटाटोपात दुसऱ्या कोठे नाही. आम्लात पाणी कधीही ओतू नये, हा नियम येथे दगडालाही लागू आहे: गरम खडा पाण्यात, अथवा ओला खडा आम्लात, हे दोन्ही वर्ज्य.

धुलाई आणि झिलई

थंड झालेला खडा काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या चिमट्याने काढून, निथळून, भरपूर पाण्याच्या मोठ्या पात्रात सोडावा, म्हणजे उत्पन्न होणारी उष्णता त्या पाण्यात विरून जाते. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात तो दोन-तीन दिवस ठेवून, द्रावण रोज बदलावे, आणि शेवटी साध्या पाण्यात आठवडाभर ठेवून लिटमस कागदाने पाहावे. निळा कागद तांबडा होण्याचे पूर्ण थांबेपर्यंत धुलाई संपली असे मानू नये. छिद्रांत राहिलेले आम्ल पुढे महिन्याने चांदीच्या कोंदणाला काळे करते, घालणाऱ्याच्या बोटाला खाज आणते, आणि बदनामी कारागिराच्या पदरी येते. वापरलेले आम्ल मोरीत ओतणे हा तर निव्वळ अपराध. प्रयोगशाळेतील जाणकाराने ते मोठ्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडून, सोड्याने किंवा चुन्याच्या निवळीने निर्विष करूनच त्याची विल्हेवाट लावावी.

सावलीत चार दिवस वाळल्यानंतर, चामड्यावर किंवा नमद्यावर सिरियम ऑक्साइड लावून हलक्या हाताने झिलई द्यावी. ओपलाचे काठिण्य ५.५ ते ६.५, म्हणजे गारगोटीपेक्षा कमीच. त्यामुळे जोर लावून रेटण्याची गरज नसते आणि जोर लावल्यास वरचा काळा थर झिजून खालचा फिका खडक डोकावू लागतो. तसे झालेच, किंवा कोठे पांढरा डाग राहिला, तर खडा नीट वाळवून सर्व कृती पुन्हा एकदा आरंभापासून करता येते. एकसारखा मातकट तपकिरी रंग आला तर पाक कमी मुरला किंवा आम्लाला पाणी लागून ते सौम्य झाले, असे निदान करावे. काळेपणा आला पण रंग आला नाही, तर दोष कृतीचा नसून पारखीचा, हे मनोमन कबूल करावे.

गारगोटीपासून आरंभ करावा

मागविलेला ओपल पहिल्याच प्रयोगात बिघडावा असे कोणास वाटेल? म्हणून आरंभ बोरीच्या किंवा तापीच्या रेतीत मिळणाऱ्या रेघोट्यांच्या अकीकापासून करावा. त्याच्या थरांपैकी काही सच्छिद्र आणि काही घट्ट असल्यामुळे तोच पाक, तेच आम्ल वापरले असता सच्छिद्र थर काळे होतात आणि घट्ट थर पांढरे राहतात. म्हणजे सुलेमानी खडा हातात पडतो. मात्र अकीकाची छिद्रे ओपलापेक्षा फार सूक्ष्म, त्यामुळे त्याला पाकात दोन ते तीन आठवडे ठेवावे लागते. येथे रंगक्रीडा नाही, परंतु पाक किती आत गेला, वाळवणे कोठे अपुरे पडले, आच कोठे चढली, हे सारे शिक्षण येथे गारगोटीच्या मोलाने मिळते. ज्यांना खनिजांची हौस आहे त्यांनी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय अवश्य पाहावे; दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोटात काय काय सामावलेले आहे याची कल्पना तेथे येते.

सांगून द्यावे

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑस्ट्रेलियातील लाइटनिंग रिज येथील निसर्गतः काळा ओपल फार मोलाचा असतो. संस्कार केलेला मॅट्रिक्स ओपल त्याच्या मोलाच्या अल्पांशाने मिळतो. दिव्याच्या उजेडात अननुभवी डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाही, आणि मोह उत्पन्न होतो तो येथेच. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली संस्कारित खड्याच्या पृष्ठावर मिऱ्यांच्या भुकटीसारखे काळे ठिपके छिद्राछिद्रांत बसलेले दिसतात, आणि काठावर टवका उडालेला असेल तर आतला गर फिका आढळतो. पारखी मनुष्य तेवढ्यावरून ओळखतो. परंतु गिऱ्हाइकाने भिंग घेऊन बसावे अशी अपेक्षा करणे हा व्यवहार नव्हे.

अमळनेरच्या वाचकाला यासंबंधी दूरचा दाखला नको. १९४५ च्या डिसेंबरात याच गावी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली, जिचे नाव पुढे विप्रो झाले. तेलावर हायड्रोजनचा संस्कार करून वनस्पती बनविणे हा तिचा मूळ धंदा. वनस्पती बनविणे हा गुन्हा कधीच नव्हता. ती तूप म्हणून विकणे हा गुन्हा होता. म्हणून शासनाने वनस्पतीत शेकडा ५ भाग तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली, ती एवढ्यासाठी, की तुपात वनस्पती मिसळली गेल्यास रासायनिक कसोटीत तिळाचे तेल लालसर रंग देऊन स्वतःच चुगली करील. कृत्रिम जिन्नसाच्या अंगातच त्याची ओळख भरून ठेवण्याची ही तजवीज मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. खड्यात तीळ घालता येत नाहीत. पण पावतीवर 'साखर व आम्ल यांनी संस्कारित मॅट्रिक्स ओपल' एवढे शब्द घालता येतात, आणि ते घातलेच पाहिजेत.

मी स्वतः याहून एक पाऊल पुढे जाण्याचा शिरस्ता ठेवला आहे, आणि तो वाचकांनी उचलावा असे सुचवितो. खडा कापताना त्याच दगडाची एक पातळ चकती संस्काराविना बाजूला काढून ठेवावी, आणि खडा कोणास देताना ती चकती त्याच पुडीत घालावी. घेणाऱ्याने घरी जाऊन त्या फिक्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंबाखाली जो रंग क्षणभर जागा होईल तोच अंगठीत कायमचा जागा झालेला आहे, हे त्याला कोणीही न सांगता कळेल.